बंद पडली, ती कशी पडली?

संपादकांनी यंदाचा विषय दिला ‘पाणी’, आणि सोबत सांगितलं की धरणं, दुष्काळ आणि नद्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तुम्ही एखादी लहान गोष्ट बघा. त्याच आठवड्यात नागावहून मावसभावाचा फोन आला. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना लागणाऱ्या या गावाच्या पुळणीवर पर्यटकांना फिरवायला त्याने पाच क्वाड बाईक ठेवल्या आहेत. फुगीर टायरांच्या चारचाकी, हँडल मोटारसायकलचं, अंगठ्याने दाबायचा अ‍ॅक्सिलरेटर. “ताई, त्यातली एक पाण्यात घातली की बंद पडते. बाकीच्या चार त्याच पाण्यातून जातात. तीन मिस्त्री झाले, आठ हजार गेले. मे महिना हातचा चाललाय.”

पाण्याने अडवलेली एक गाडी आणि तिच्यावर अडलेलं एका घराचं महिन्याचं गणित. मला माझा विषय मिळाला होता.

अष्टमीची सुकती

मी पोचले त्या दिवशी अष्टमी होती. किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणने गुणतात. आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सहाला भरती, तर सुकती दुपारी बाराच्या सुमारास. शिवाय अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस. समुद्र फार चढत नाही आणि फार मागेही जात नाही. त्यामुळे ऐन ओहोटीलाही पुळणीला समांतर गेलेल्या लांबट चरीत पाणी उरलं होतं, कुठे घोटाभर, कुठे नडगीच्या वर. पर्यटकांना हीच चर हवी असते. कोरड्या वाळूवरून गाडी पळवण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी पाणी उडवत जाण्यात त्यांना खरी मजा.

भावाने पाचही गाड्या एकामागून एक चरीत घातल्या. चार पलीकडे गेल्या. पाचवी, लाल रंगाची, बाकीच्यांहून स्वच्छ, पाण्यात शिरली, फटफट करून दोनदा अडखळली आणि गप्प झाली. दोघांनी ढकलून बाहेर काढली. अर्ध्या तासाने ती चालू झाली, पुन्हा पाण्यात गेली. या वेळी शिरताना काही झालं नाही, मध्यावर पोचली आणि मग आवाज बारीक होत होत विझला. दिवा चालू, सेल्फ फिरतोय, इंजिन मात्र घेत नाही.

मला दोन्ही वेळा एकच दिसलं: बंद पडलेली गाडी. भावालाही तेच दिसत होतं आणि तिन्ही मिस्त्रींनाही तेच सांगितलं गेलं होतं. पहिल्याने प्लग बदलला. दुसऱ्याने कॉईल आणि सीडीआय बदलून नळाच्या पाइपाने वरून पाणी मारून दाखवलं. गाडी चालू राहिली म्हणून पैसे घेतले. तिसऱ्याने कार्ब्युरेटर खोलला, तळाशी पाणी मिळालं आणि त्याने पेट्रोलपंपावर ठपका ठेवला.

आधी प्रश्न

चौथा मिस्त्री रेवदंड्याच्या रस्त्यावर, आंब्याखाली एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. वय सत्तरीच्या घरात. कामाची पहिली पंचवीस वर्षं त्यांनी मच्छीमार होड्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात घालवली, मग दुचाक्या, आता या चारचाकी. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी भावाला समोरच्या पेटीवर बसवलं.

“बंद परली, त कशी परली ते सांग आदी.”

मग प्रश्नांची सरबत्ती. पाण्यात शिरताक्षणी की आत गेल्यावर? अडखळून की झटक्यात? की आवाज हळूहळू खाली गेला? हेडलाइट पेटलेला राहिला का? सेल्फ मारल्यावर इंजिन फिरलं का? बाहेर काढल्यावर लगेच चालू झाली की वाट बघावी लागली? किती? चोक ओढल्यावर फरक पडला का?

भाऊ वैतागला होता. “काका, कधी लगेच, कधी थोडं आत गेल्यावर. कधी अर्ध्या तासाने चालू होते, कधी दोन मिनिटांत.”

काकांनी मान हलवली. “मंग येक आजार नाय. दोन हायत.”

लेख लिहायला आलेल्या मला या वाक्यापाशी पहिल्यांदा जाणवलं की आपण गाडीकडे नीट बघितलंच नव्हतं. तीन मिस्त्रींनी एक-एक सुटा भाग बदलला, आणि प्रत्येकाने कदाचित अर्धं बरोबरही केलं असेल. पण गाडी कशी मरते ते कुणी विचारलं नव्हतं. आणि ज्याला विचारायचं, तो भाऊ रोज ते डोळ्यांनी बघत होता.

इंजिनाला हवा लागते, पेट्रोल लागतं, योग्य क्षणी ठिणगी लागते, आणि मिश्रण दाबून धरणारं सिलिंडर धड लागतं. पाणी यांतल्या कुठल्या वाटेने आडवं आलं, ते गाडीच्या मरण्याच्या तऱ्हेवरून कळतं. फटफट करत अडखळली तर बहुधा ठिणगी कुठे तरी गळते आहे. एखादा खटका बंद करावा तशी क्षणात गेली, तर वायरिंगचा कप्लर, किल स्विच किंवा इग्निशनच्या संवेदकाची तार बघायची. आवाज बारीक होत विझली, जशी टाकीतलं पेट्रोल संपल्यावर विझते, तर पेट्रोल किंवा हवेचा मार्ग. आणि इंजिन चालू आहे पण चाकं फिरत नाहीत, तर ती बंद पडलेलीच नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या मोठ्या ऑटोमॅटिक गाड्यांत पट्टा भिजून घसरतो, आणि गोंधळलेला चालक येऊन ‘बंद पडली’ म्हणूनच सांगतो.

अंधारातली ठिणगी

काकांनी दिवसा काहीच केलं नाही. “रातच्याला ये,” म्हणाले.

रात्री शेडमधला बल्ब त्यांनी मालवला. रस्त्यावरचा दिवा अडवायला दारावर ताडपत्री ओढली. गाडी चालू केली. इस्त्रीवाल्याकडे असते तशी फवाऱ्याची बाटली त्यांच्या हातात होती, विहिरीच्या पाण्याने भरलेली. कॉईलवर, जाड काळ्या तारेवर, प्लगच्या टोपीवर त्यांनी एका वेळी एकाच जागी फवारा मारला आणि प्रत्येक वेळी थांबून ऐकलं. काही नाही. इंजिन एका लयीत चालू.

मग त्यांनी बाटलीत मिठाची पूड टाकली, हलवली आणि तोच क्रम पुन्हा सुरू केला. कॉईल, काही नाही. तार, काही नाही. टोपीवर फवारा पडला आणि इंजिन अडखळलं. अंधारात प्लगच्या टोपीखालून इंजिनाच्या धातूपर्यंत एक निळसर, केसाएवढी रेघ लवलव करताना आम्ही तिघांनी बघितली. प्रत्येक ठिणगीगणिक ती उमटत होती आणि विझत होती.

दुसऱ्या मिस्त्रीची नळाखालची परीक्षा फसली ती इथे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि विहिरीच्या गोड्या पाण्यापेक्षा ते विजेला कितीतरी सोपी वाट देतं. कॉईलमधून येणारा दाब दहा-वीस हजार व्होल्टच्या घरातला. त्याने प्लगच्या टोकाशी जेमतेम पाऊण मिलिमीटरची फट ओलांडावी अशी अपेक्षा. पण ती फट सिलिंडरच्या आत, दाबलेल्या मिश्रणात असते आणि तिथे उडी मारणं मोकळ्या हवेपेक्षा अवघड. बाहेर खाऱ्या पाण्याची ओली वाट मिळाली की वीज तिकडून निघून जाते.

बल्ब लावल्यावर काकांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. बघून काहीच दिसत नव्हतं. त्यांनी माझं बोट धरून टोपीच्या खालच्या बाजूवरून नख फिरवायला लावलं, तेव्हा नखाला एक खाच लागली. तडा. गाडी गरम-थंड होत राहिली की प्लॅस्टिक असं उलतं. जाड तारेचं हिरवट झालेलं टोक त्यांनी बोटाच्या पेराएवढं कापून टाकलं, आतल्या तांब्याला लखलख येईपर्यंत. नवी टोपी त्या टोकावर स्क्रूसारखी पिळून बसवली, रबरी बुडाच्या आत सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं. पुन्हा अंधार, पुन्हा खारट फवारा. रेघ उमटली नाही.

भावाने त्यांना वाकून नमस्कार केला. काका म्हणाले, “अजून येक हाय.”

बर्फातली गाडी

या जातीच्या गाडीचा जन्म समुद्रासाठी झालेला नाही. अमेरिकेतल्या होंडाच्या विक्रेत्यांना हिवाळ्यात, मोटारसायकली खपत नाहीत त्या दिवसांत, विकायला काही तरी हवं होतं. ओसामू ताकेउची यांच्या हाताखाली जपानी अभियंत्यांनी तीन चाकांची, फुग्यासारख्या टायरांची एक गाडी केली. ८९ सीसीचं इंजिन, १९७० साली बाजारात, नाव यूएस ९०. हवा अगदी कमी भरलेले ते रुंद टायर बर्फावर, चिखलावर, वाळूवर रुतत नसत. पुढे १९८२ मध्ये सुझुकीने चार चाकांची आणली, आणि तीनचाकी गाड्या उलटून माणसं दगावू लागल्यावर १९८८ मध्ये अमेरिकेत त्यांची विक्रीच थांबली. शेतावर, गोठ्यावर, जंगलखात्यात राबणारं हे वाहन. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं की पाय ठेवायच्या पाटीच्या वर पाणी असेल तर आत जाऊ नका. त्याला इंजिनाइतकंच कारण टायरांचंही आहे: खोल पाण्यात ते फुगे तरंगू लागतात, जमिनीवरची पकड सुटते, गाडी आडवी होते.

आपल्या पुळणींवर या गाड्या किती असाव्यात, कुठवर जाव्यात, हा खरा प्रश्न आहे. खेकड्यांची बिळं टायरांखाली दबतात, हे मीही डोळ्यांनी पाहिलं. पण त्यावर स्वतंत्रच लिहायला हवं.

सेल्फवरचा अंगठा

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेडमध्ये पोचलो तर तिथे दुसरीच गाडी टेम्पोतून उतरत होती. आदल्या संध्याकाळी कुणा पाहुण्याने ती थेट लाटेत घातली. इंजिन धडकन थांबलं. मालकाच्या पोराने घाबरून सेल्फ दाबला, दाबतच राहिला, बॅटरी उतरेपर्यंत.

काका एरवी शांत बोलतात. त्या पोराशी मात्र ते ओरडले. इंजिनाने हवेच्या नळीतून पाणी ओढलं असेल तर ते सिलिंडरमध्ये असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर जायला बघतो, पाणी त्याला जाऊ देत नाही, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी पहिलं काम एकच: सेल्फवरचा अंगठा काढायचा. गाडी कोरड्यावर आणायची, प्लग काढायचा, एअर फिल्टरचा डबा उघडून बघायचा, आणि प्लगचं भोक उघडं ठेवूनच इंजिन फिरवायचं.

प्लग काढून काकांनी इंजिन हळूच फिरवलं तेव्हा भोकातून पिचकारीसारखं पाणी उडालं आणि त्यांच्या बनियनवर पडलं. ते काही बोलले नाहीत. ऑईलचा नट काढला. खाली ठेवलेल्या घमेल्यात पडलं ते ऑईल नव्हतं, दुधाच्या चहाच्या रंगाचं दाट काही तरी होतं. पाणी आणि ऑईल घुसळून असंच होतं, आणि त्यावर बेअरिंग जगत नाहीत. नवं ऑईल घालून थोडा वेळ चालवायचं, काढायचं, पुन्हा घालायचं, रंग स्वच्छ येईस्तोवर. पण रॉड वाकला असेल तर हेही फुकट. पोरगा घमेल्याकडे बघत उभा होता. त्याच्या बापाने कर्ज काढून गाडी घेतली होती, हे मला भावाने नंतर सांगितलं.

डब्याला दुसरं भोक

नवमीची सुकती पाऊण-एकच्या सुमारास. लाल गाडी चरीत शिरली, पाणी उडालं, इंजिन अडखळलं नाही. भाऊ हसला. मी काठावर उभी राहून मोजत होते. दहा, अकरा, बारा. आवाज बारीक झाला. चौदाला विझली.

काका स्वतः पाण्यात उतरले आणि गाडीखाली हात घालून चाचपत राहिले. मग म्हणाले, घेऊन चला.

शेडमध्ये त्यांनी मला खाली बसवून दाखवलं. कार्ब्युरेटरच्या अंगातून दोन बारीक, पारदर्शक नळ्या निघून चॅसीच्या खालपर्यंत जात होत्या. नव्याकोऱ्या, टाय लावून नीट बांधलेल्या. मग बाकीच्या चार गाड्यांतली एक दाखवली. तिच्या नळ्या उन्हाने कडक होऊन वरच तुटल्या होत्या, दोन बोटांचे खुंट उरलेले.

“ह्या नल्या कोनी घातल्या?”

“मीच,” भाऊ म्हणाला. “जुन्या तुटल्या होत्या. पुस्तकात बघून मापाने घातल्या.”

सगळ्यांत काळजीने ठेवलेली गाडी तीच होती, म्हणून तीच बंद पडत होती.

काकांनी बादलीत पाणी घेतलं. गाडी कोरड्या जमिनीवर, इंजिन चालू, अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरलेला. नळ्या टायमधून सोडवल्या आणि फक्त त्यांची टोकं बादलीत बुडवली. गाडीच्या अंगावर पाण्याचा थेंब नाही. मी मोजायला लागले. पारदर्शक नळीतून पाणी वर सरकताना दिसत होतं, बोट, दोन बोटं, वीत. सतराला इंजिन विझलं.

मला कळलं नाही, हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून दिसलं असावं. “बाय, गोरेतेलाचा डबा फोरतेस तेव्हा किती भोकं पारतेस?”

दोन. एक तेल यायला, एक हवा जायला. एकच पाडलं तर तेल गुटगुट करत अडकतं. कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोलची लहानशी वाटी असते. इंजिन ओढतं तेव्हा वरच्या अरुंद मार्गातला दाब कमी होतो, आणि वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो म्हणून ते जेटमधून वर चढतं. त्या वाटीत हवा शिरायची वाट म्हणजे या नळ्या. टोकं पाण्यात बुडाली की डब्याचं दुसरं भोक बुजलं. वाटीतला दाब उतरत जातो, नळीतून पाणी वर ओढलं जातं, पेट्रोल चढेनासं होतं. वाटीवर उरलेला दाब पुरेल तेवढेच आकडे गाडी चालते. बाहेर काढली की हवा शिरते आणि दोन मिनिटांत चालू.

तिसऱ्या मिस्त्रीला वाटीत मिळालेलं पाणी पंपावरचं नव्हतं, याच वाटेने आलेलं होतं. काकांनी तळाचा स्क्रू ढिला करून पेट्रोल एका काचेच्या पेल्यात घेतलं. उजेडासमोर धरलं तर तळाशी वेगळा थर, मध्ये स्वच्छ रेषा. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून खाली बसतं, आणि मुख्य जेटही खालीच असतो.

मी विचारलं, मग नळ्या खाली नेतातच कशाला? तर फ्लोट अडकून वाटी भरून वाहू लागली तर ते पेट्रोल तापलेल्या इंजिनावर न सांडता खाली जमिनीवर जावं म्हणून. म्हणजे भावाने केलं ते बरोबरच होतं. आणि बाकीच्या चार गाड्या पाण्यातून सुखरूप जात होत्या त्या तुटक्या नळ्यांमुळे, उद्या कधी तरी इंजिनावर पेट्रोल सांडण्याची जोखीम घेऊन.

उपाय काकांनी खडूने जमिनीवर काढून दाखवला. प्रत्येक नळीत मध्ये एक टी जोड. एक फाटा पूर्वीसारखा खाली, पेट्रोल सांडायला. दुसरा हँडलच्या झाकणाखाली, उंच, हवेसाठी. खालचं टोक बुडालं तरी वरचं उघडं. अलिबागच्या बाजारात शोभेच्या माशांच्या दुकानात, टाकीच्या हवेच्या पंपाला लावतात ते प्लॅस्टिकचे टी मिळाले. चाचणीपुरते ते लावायचे, कायमचे पितळी. नळी मात्र पेट्रोलचीच हवी, पेट्रोलने दुसरी खराब होते.

ज्या गाड्यांना कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असतं त्यांना हा आजार होत नाही. त्यांची दुखणी वायरिंगच्या कप्लरांत असतात, आणि ती मिठाने होतात.

मीठ

मिठाचं काम सावकाश चालतं. गाडी पाण्यातून नीट बाहेर आली, चालू राहिली, म्हणून माणूस निश्चिंत होतो. तिसऱ्या महिन्यात कप्लर उघडावा तर आतल्या पितळी पिनांवर हिरवी बुरशीसारखी पूड. काकांनी एका डब्यात अशा पिना जमवून ठेवल्या आहेत, गिऱ्हाइकाला दाखवायला. काही बोटाने दाबल्या तर चुरल्या.

म्हणून रोज संध्याकाळी गोडं पाणी. नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत विहिरी आहेत, भावाचीही आहे. पण धुणं म्हणजे प्रेशर पंपाचा झोत नव्हे, हे काकांनी त्याला तीन-तीनदा बजावलं. तो झोत सीलच्या आत पाणी घुसवतो, चाकांच्या बेअरिंगमध्ये, कप्लरांत, आणि सोबत वाळूही. बादली, मग, मऊ ब्रश. नंतर इंजिन थोडा वेळ चालू ठेवून वाळवायचं, ब्रेक दोन-चारदा दाबून कोरडे करायचे, चेनला ऑईल. एका गाडीला अर्धा तास. पाच गाड्यांना अडीच. भाऊ म्हणाला, एवढा वेळ कुठून आणू? काका म्हणाले, तीन मिस्त्रींना दिलास तेवढाच.

दशमीला सुकती दीडच्या सुमारास. ऊन कडक, पुळणीवर माणसं थोडी. लाल गाडीच्या हँडलखाली दोन नळ्यांची तोंडं बघितल्याशिवाय दिसत नव्हती. भाऊ एकटाच बसला, चरीत शिरला आणि पलीकडे न जाता चरीतूनच लांबवर चालवत नेली, नडगीभर पाण्यातून. मी मोजत होते. चौदा गेले. सतरा गेले. चाळिसानंतर आवाज ऐकण्याच्या नादात आकडे सुटले. दूर तो वळला आणि तसाच पाण्यातून परत आला. इंजिन चालू ठेवून काकांपुढे उभा राहिला.

काका वाकून आवाज ऐकत होते. मग त्यांनी पिशवीतून उरलेली नळी काढली आणि दुसऱ्या गाडीशेजारी वाळूत बसकण मारली. “चार ऱ्हायल्या,” म्हणाले. भरती लागायच्या आत त्यांनी दोन उरकल्या. बाकीच्या दोन आम्ही ढकलत वाडीपर्यंत नेल्या, विहिरीशी.